इंजिन एकटं येत नाही

कोल्हापूरला उद्यमनगरात मामांचं वर्कशॉप होतं. तिथं कुठल्याही गाडीत कुठलंही इंजिन बसायचं. नसेल बसत तर माउंटिंगची पट्टी कापून वेल्ड करायची, पंख्याचं पातं घासायचं, तरीही नसेल बसत तर बॉनेटला फुगवटा काढायचा. पेट्रोलच्या अँबेसेडरला डिझेलचं इंजिन बसवून मामांनी ती कित्येक वर्षं लग्नसराईत भाड्यानं फिरवली. हे बघत मी वाढलो, आणि त्याच भरवशावर सॅन होझेच्या घरातल्या गॅरेजात माझ्या १९९२ च्या माझ्दा मिआटाचं इंजिन बदलायला घेतलं.

मिआटा म्हणजे दोन सीटची, उघड्या छपराची, खेळण्यासारखी गाडी. मूळ इंजिन १.६ लिटरचं, ११६ अश्वशक्तीचं. त्याचं बेअरिंग वाजायला लागलं होतं. कंपनीनं १९९४ पासून याच गाडीला १.८ लिटरचं, १२८ अश्वशक्तीचं इंजिन दिलं. जुन्या गिअरबॉक्सला ते तसंच लागतं, फक्त फ्लायव्हील आणि क्लच त्याचेच घ्यायचे. दोन शनिवार-रविवारांत इंजिन आत गेलं आणि सुरूही झालं. कॅलिफोर्नियाच्या स्मॉग चाचणीतून पास व्हायला मात्र सात महिने लागले.

१. 'बदली' आणि 'बदल' यांतला फरक आधी समजून घ्या

इथं गाड्यांच्या स्मॉग चाचणीचा कारभार ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर या सरकारी खात्याकडे आहे. लघुरूप 'बार'. 'काल रात्री बारचं काम घेऊन बसलो होतो' असं मी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

या बारच्या लेखी जुनं १.६ काढून तसंच दुसरं १.६ बसवलं तर ती नुसती बदली. नेहमीच्या स्मॉग सेंटरवर जा, चाचणी द्या, मोकळे व्हा. पण त्या सालच्या गाडीला कंपनीनं जे इंजिन दिलंच नव्हतं ते बसवलंत, की तो बदल. मग गाडी रेफरीपुढे, म्हणजे अशा वेगळ्या गाड्या तपासणाऱ्या बारच्या माणसापुढे उभी करावी लागते. मला वाटलं होतं, कंपनी तीच, मॉडेल तेच, घरातल्या घरात मामला आहे. पण १९९२ च्या मिआटात १.८ मिळत नव्हतं, त्यामुळे विषय संपला.

हे आधी कळलं असतं तर मी १.६ च आणलं असतं का? बहुतेक नाही. पण निदान बायकोला 'महिन्याभरात होईल' असं तरी सांगितलं नसतं.

२. इंजिन गाडीच्या वयाचं किंवा तिच्यापेक्षा तरुण हवं

जुन्या गाडीत नवं इंजिन चालतं, नव्या गाडीत जुनं चालत नाही. मोठ्या ट्रकचं इंजिन कारमध्ये चालत नाही. गाडी मुळात कॅलिफोर्नियाच्या नियमांत बसणारी असेल तर येणारं इंजिनही तितक्याच किंवा जास्त कडक नियमांतलं लागतं. आणि १९९६ किंवा त्यानंतरचं इंजिन घेतलंत, तर त्याची ओबीडी-टू ही स्वतःची चूक स्वतःच नोंदवणारी सगळी यंत्रणा जशीच्या तशी गाडीत उतरवावी लागते: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे कॅटच्या, पुढचा सेन्सर, मागचा सेन्सर, सगळं. म्हणून मी मुद्दाम १९९५ चं शोधलं. संपूर्ण प्रकरणात एवढी एकच गोष्ट मी आधी विचार करून केली.

३. इंजिन एकटं येत नाही

बाकीचं मी मामांच्या पद्धतीनं केलं.

भंगार यार्डात १९९५ ची एक मिआटा मिळाली. मागून कुणीतरी ठोकलेली, पुढचा भाग शाबूत. मी नुसता ब्लॉक आणि हेड उचललं. त्यावरचा १.८ चा पसारा सगळा तिथंच सोडला आणि घरी आल्यावर माझ्या जुन्या १.६ चा कॉम्प्युटर, त्याचाच हवा मोजणारा मीटर, त्याचंच वायरिंग नव्या इंजिनाला जोडून दिलं. गाडी चालते. खरं सांगायचं तर झकास चालते, आणि पुष्कळ लोक अशीच चालवतात. दोन शनिवार-रविवारांत काम झालं ते याचमुळे.

मग रेफरीची अपॉइंटमेंट घ्यायला फोन केला. पलीकडच्या बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, "इंजिन १९९५ चं, मग त्याची धूर नियंत्रणाची यंत्रणाही १९९५ चीच आहे ना?"

मी गप्प.

आपल्याकडे पूर्वी नवरीबरोबर पाठराखीण जायची. इथं इंजिनाबरोबर पाठराखिणींचं अख्खं वऱ्हाड यावं लागतं. त्याचा कॉम्प्युटर, त्याचं वायरिंग, हवेचा मीटर, थ्रॉटल बॉडी, ऑक्सिजन सेन्सर, क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह, टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, ती वाफ योग्य वेळी सोडणारा सोलेनॉइड, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या काडीएवढ्या जाडीच्या काळ्या रबरी नळ्या. इंजिन कंपनीतून ज्या अवस्थेत प्रमाणित होऊन बाहेर पडलं ती पूर्ण अवस्था तुमच्या बॉनेटखाली दिसली पाहिजे. धूर कमी आहे की जास्त, हा प्रश्न त्यानंतरचा.

मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अरे लेका, गाडी धूर सोडत नाय, मग त्या माणसाला नळ्या कशाला बघायच्यात?"

तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. यार्डात परत गेलो. ती गाडी नशिबानं अजून तिथंच होती, पण आता तिचं बॉनेट विकलं गेलं होतं आणि उघड्या इंजिनबेमध्ये पावसाचं पाणी साचलं होतं. वायरिंगचा गठ्ठा फायरवॉलच्या भोकातून अखंड काढायला मला साडेचार तास लागले. यार्डवाले अशा वायरिंगचे फुटकळ पैसे घेतात, कारण लोक ते कापून काढतात आणि मग त्याला काही किंमतच राहत नाही. मी एकही वायर कापली नाही. दर सांध्याला मास्किंग टेपचा तुकडा लावून मराठीत लिहिलं: 'मीटर', 'इंजेक्टर पुढून १', 'माहीत नाही', 'माहीत नाही २'.

४. बॉनेटच्या स्टिकरचा फोटो पहिल्या दिवशीच काढा

बॉनेटखाली एक स्टिकर असतं. इंजिन कोणत्या सालच्या आणि कुठल्या नियमांना प्रमाणित आहे, टायमिंग किती, व्हॅक्यूमच्या नळ्या कुठून कुठं जातात, सगळं त्यावर छापलेलं. इंजिन बदललेल्या माणसाच्या दृष्टीनं ती कुंडलीच. माझी कुंडली बॉनेटबरोबर गेली होती. पहिल्या फेरीत त्याच बॉनेटवर पाने-पक्कड मांडून मी काम केलं होतं आणि स्टिकरकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

निभावलं ते दुसऱ्याच कागदावर. यार्डाच्या पावतीवर मी त्या ठोकलेल्या गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, लिहून घेतला होता. या सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर मॉडेलचं साल सांगतं: एन म्हणजे १९९२, एस म्हणजे १९९५. त्या एका 'एस'नं पुढे माझी बाजू मांडली.

५. टायमिंगला हात लावलात तर लिहून ठेवा

या वयाच्या मिआटात स्पार्कचं टायमिंग हातानं जुळवता येतं. इंजिनबेमध्ये 'डायग्नोसिस' लिहिलेली काळी डबी असते. तिचं झाकण उघडून टीईएन आणि जीएनडी या दोन खाचांत तारेचा तुकडा घालून जोड द्यायचा, म्हणजे कॉम्प्युटर आपली लुडबूड थांबवतो. मी कागदाला लावायची पिन वापरतो. मग टायमिंग लाइट पुलीवर धरायचा आणि हेडच्या मागच्या टोकाचा सेन्सर सैल करून केसभर फिरवायचा. कंपनीचा आकडा १० अंश. हौशी लोक १४ वर नेतात, गाडी खालच्या आरपीएमला जरा चपळ वाटते. मीही नेला होता आणि विसरून गेलो होतो.

६. तीन वायूंची तीन वेगळी दुखणी असतात

वऱ्हाड जोडून झाल्यावर रेफरीकडे जाण्याआधी एका स्मॉग सेंटरवर प्री-टेस्ट करून घेतली. ही चाचणी अगदी खऱ्यासारखी होते, फक्त निकाल अधिकृत धरला जात नाही. ज्यांना इंजिन बदललेली गाडी न्यायची आहे त्यांनी हे पैसे डोळे झाकून खर्च करावेत.

लहानपणी पीयूसी म्हणजे उभ्या गाडीच्या सायलेन्सरात नळी खुपसायची आणि कागद घ्यायचा, एवढंच पाहिलेलं. आमच्या भागात १९९९ पर्यंतच्या गाड्यांना इथं रोलरवर चढवतात. आधी ताशी १५ मैलांवर जास्त भार देऊन, मग २५ मैलांवर थोडा कमी भार देऊन गाडी पळवतात आणि पळतानाच सायलेन्सरातला वायू मोजतात. चढावर धापा टाकताना माणसाची तब्येत कळते, तसाच प्रकार.

हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेलं पेट्रोल. ते जास्त आलं तर प्लग, वायर, मिसफायर बघा. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. हे दोन्ही माझे व्यवस्थित होते. तिसरा नायट्रिक ऑक्साइड, तो १५ मैलांवर मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट.

नायट्रोजन हा एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. हवेत ७८ टक्के तोच असतो, इंजिनात शिरतो आणि तसाच बाहेर पडतो. पण सिलिंडरमध्ये उष्णता फार वाढली की तोही ऑक्सिजनशी हातमिळवणी करतो. टायमिंग पुढे नेलं की स्फोटाचा दाब आणि उष्णता वाढते. म्हणजे माझे ते चार विसरलेले अंश! पिन घातली, टायमिंग १० वर आणलं, परत प्री-टेस्ट. आकडा बराच उतरला, पण मर्यादेच्या आत काही येईना.

एवढा राग या एका वायूवर का, हे मला नंतर वाचून कळलं. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असा धुरकट पडदा आला, की लोकांना शत्रूनं विषारी वायू सोडला असं वाटलं. आधी दोष कारखान्यांवर गेला. आरी हागेन-स्मिट हे कॅलटेकमधले डच वंशाचे शास्त्रज्ञ त्या काळात अननसाच्या स्वादामागची रसायनं शोधत होते. तीच पद्धत त्यांनी लॉस एंजेलिसच्या हवेला लावली. गाड्यांतून निघालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो आणि डोळे चुरचुरतात, हे त्यांनी दाखवून दिलं. राज्याच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्षही पुढे तेच झाले. ऊन, डोंगरांनी अडवलेली हवा आणि गाड्या, या तिन्ही गोष्टी इथं भरपूर आहेत. १९८४ पासून स्मॉग चाचणी आहे ती काही कुणा कारकुनाची हौस म्हणून नाही. हे वाचल्यापासून रेफरीबद्दलचा माझा राग निम्मा झाला. उरलेला निम्मा माझ्या स्वतःवर होता.

७. स्वस्त कॅट दोनदा विकत घ्यावा लागतो

टायमिंगनंतर उरलेला संशयित म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. नायट्रिक ऑक्साइड मोडून परत नायट्रोजन करायचं काम त्याचं. पण तो हे काम करतो केव्हा, तर हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ ला १ च्या आसपास हललं तरच, आणि ते सांभाळतो ऑक्सिजन सेन्सर. सेन्सर मी नवा घातला होता. कॅट मात्र तीस वर्षांचा होता.

मी ऑनलाइन स्वस्तातला मागवला. बोल्ट गंजलेले, दोन तुटले, एक ड्रिल करून काढला, कोपरापर्यंत गंज. बसवून झाल्यावर रिकामं खोकं कचऱ्यात टाकताना त्यावरची बारीक अक्षरं वाचली: कॅलिफोर्नियात वापरण्यास परवानगी नाही. इथं बाजारातल्या कॅटवर हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक कोरलेला लागतो, आणि तो क्रमांक तुमच्या इंजिनाला आणि सालाला लागू असावा लागतो. असा कॅट कित्येक पट महाग पडतो. तो घेतला आणि सगळं परत काढलं. या वेळी बोल्ट नवे होते, हीच काय ती मिळकत. पुढच्या प्री-टेस्टला तिसरा आकडा मुकाट्यानं मर्यादेत आला.

८. बल्ब

चेक इंजिनचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. माझा कधी लागतच नव्हता आणि मी ते शुभलक्षण समजत होतो. बल्ब गेला होता. शेंगदाण्याएवढ्या बल्बसाठी स्टिअरिंगमागचा मीटरचा सगळा बोर्ड काढावा लागला.

९. गरम गाडी आणि फसवलेला कॉम्प्युटर

कॅट तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून चाचणीआधी वीस-पंचवीस मिनिटं हायवेवर गाडी पळवा आणि तिथं गेल्यावर रांगेत इंजिन बंद करून थंड होऊ देऊ नका. इंजिन ऑइल बदला, कारण जुन्या ऑइलमध्ये मुरलेल्या पेट्रोलची वाफ फिरून पुन्हा इंजिनातच जाते.

याच्या उलट प्रकार एका नाशिककर मित्रानं केला. त्याच्या २००३ च्या गाडीत नव्या सालाचं इंजिन आहे. तिला रोलरवर चढवत नाहीत, वायर लावून तिच्या कॉम्प्युटरलाच विचारतात. आदल्या रात्री त्यानं बॅटरीची तार काढली, म्हणजे चेक इंजिनचा दिवा जाईल. दिवा गेला. पण त्याबरोबर कॉम्प्युटरनं स्वतःच्या ज्या तपासण्या पूर्ण केल्या होत्या, त्यांच्या नोंदीही गेल्या. चाचणीवाल्यानं वायर लावली, कोरी पाटी बघितली आणि गाडी परत पाठवली. शिवाय २०१९ च्या जुलैपासून अलीकडच्या इंजिनांच्या कॉम्प्युटरच्या पोटातले कायमचे कोडही बघतात. ते बॅटरी काढून पुसले जात नाहीत, दुरुस्ती करून गाडी चालवत राहिलं तरच जातात. मित्र दोन आठवडे सॅन होझे ते गिलरॉय नुसत्या चकरा मारत होता. गिलरॉय लसणासाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्या घरी अजून लसणाची चटणी संपलेली नाही.

१०. रेफरी तुमच्या बाजूचा नसतो, विरुद्धही नसतो

कम्युनिटी कॉलेजच्या मागच्या बाजूला शेड होती. रेफरी पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मी फाइल पुढे केली: पावती, व्हीआयएन, सेन्सरचं बिल, कॅटचं बिल. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि आधी बॉनेट उघडलं.

पुढचा दीड तास मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताची तर्जनी एकेका नळीवरून फिरतेय. नळी जिथून निघते तिथून जिथं पोचते तिथपर्यंत, मग समोरच्या आकृतीकडे एक नजर, मग पुढची नळी. कोळशाच्या डब्यापाशी बोट थांबलं. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी नळी हलकेच ओढून बघितली, क्लॅम्प घट्ट होता, बोट पुढे गेलं. मग खाली आडवं होऊन आरशात कॅटवरचा क्रमांक वाचला आणि मोठ्यानं एकेक अंक म्हणत लिहून घेतला. टाकीत हलका दाब भरून ती गळत नाही ना ते बघितलं. टायमिंगला लाइट लावला. १० अंश. मग रोलर.

'माहीत नाही २' ही मास्किंग टेप एका सांध्यावर तशीच राहिली होती. त्यांनी विचारलं, हे काय लिहिलंय? मी खरं सांगितलं. ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, "आता माहीत झालंय का?" झालं होतं. ती रिव्हर्सच्या दिव्याची वायर निघाली होती.

पास झाल्यावर त्यांनी गाडीला एक लेबल लावलं. या गाडीत कोणतं इंजिन आहे आणि त्याबरोबर काय काय असायला हवं, ते त्यावर नोंदवलेलं. यापुढे दर दोन वर्षांनी नेहमीच्या स्मॉग सेंटरवर गेलं तरी चालतं. राज्याच्या प्रमाणपत्राची फी सव्वाआठ डॉलर. एकूण किती खर्च आला ते मी मांडलेलं नाही, घरात शांतता आहे.

मामांना लेबलचा फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. इंजिनाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. म्हणाले, "नळ्या सगळ्या जाग्यावर होत्या न्हवं?"

११. ज्यांना हे काही नको, त्यांच्यासाठी

१९७५ पर्यंतच्या गाड्यांना इथं स्मॉग चाचणीच नाही. तशी एखादी घ्या आणि रविवारी सकाळी झोपा काढा.

१२. दोन वर्षांनी

परवा नोटीस आली, म्हणून कोपऱ्यावरच्या सेंटरवर गाडी नेली. तिथला पोरगा बावीस-तेवीसचा, त्याच्यापेक्षा गाडी थोरली. बॉनेट उघडून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, कॉम्प्युटरवर १९९२ बघितलं, परत इंजिनाकडे बघितलं. मी लेबल दाखवलं. त्यानं सगळं वाचलं, मान हलवली आणि गाडी रोलरवर घेतली. तिन्ही वायू मर्यादेत.

मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून त्यानं आपल्या यंत्राला लावलं, आणि यंत्रानं लाल दिवा दाखवला. झाकणाचं रबर चिरलं होतं. तेवढ्यावर गाडी नापास.

पलीकडच्याच स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी की-बोर्डवर हात ठेवून विचारलं, "साल?"

मी म्हटलं, "टाकीचं सांगू, का इंजिनाचं?"